सिद्दी आरोपी, आमचं नाटक आणि नको तिथं आलेला हशा

मलप्रभाकाठी (धागाकर्ता) | रविवार, रात्री १०:५०

नमस्कार मंडळी. धागा लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

खानापूर-बेळगाव पट्ट्यात आमचा हौशी नाटकवाल्यांचा एक कंपू आहे. कुणी मास्तर, कुणी विमा एजंट, एकजण भाताच्या गिरणीत. यंदा स्पर्धेसाठी दोन अंकी कोर्टनाट्य लिहिलंय. लेखणी माझी, त्यामुळं शिव्याही मलाच द्या. खटला सगळा काल्पनिक आहे.

गोष्ट अशी. बाजारातल्या एका व्यापाऱ्याच्या गोदामातून रात्री काजूची पोती जातात, रखवालदाराच्या डोक्यात दांडकं बसतं. रखवालदार शुद्धीवर येऊन सांगतो, "काळा होता, केस कुरळे." एवढंच. तिसऱ्या दिवशी जंगलाकडच्या वाडीतून बस्त्यांव नावाच्या सिद्दी (पूर्वज आफ्रिकेतले) पोराला उचलतात. ओळख परेड होते. रांगेत सात जण, त्यात सिद्दी एकच. रखवालदार बरोबर त्याच्यावर बोट ठेवतो. ठेवणारच की!

आता वकिलांचं. अंगझडतीच्या पंचनाम्यात चौथ्या नंबरला 'बसचं तिकीट एक' असं लिहिलंय. त्या रात्री बस्त्यांव दांडेलीच्या गाडीत होता. पंचनामा कानडीत. बस्त्यांवला वाचता येत नाही. त्याला फुकट मिळालेल्या वकिलाला येतं, पण त्यानं फाईल उघडलेलीच नाही. सरकारी वकिलानं मात्र शब्दन् शब्द वाचलाय आणि ते तिकीट बाजूला ठेवलंय. प्रेक्षकांना हे पहिल्या अंकाच्या शेवटी कळतं. चोर कोण हा प्रश्न नाटकात नाहीच.

दुसऱ्या अंकात सरकारी वकील पिंजऱ्याशी जाऊन बस्त्यांवला विचारतो, "तुमच्या जौहरनं पन्हाळ्याला चार महिने वेढा घातला होता. तू गोदामाला किती दिवस घातलास रे?" बस्त्यांव मान खाली घालतो.

वाचताना अंगावर काटा यावा म्हणून मी ते लिहिलं होतं. आज दुपारी चाळीसेक लोकांपुढं वाचन केलं. हशा आला. वर टाळी. पहिल्या रांगेतले आमचे एक निवृत्त हेडमास्तर रुमालानं डोळे पुसत होते, हसून हसून. मला पुढची ओळच सापडेना.

तर प्रश्न: वाक्य ठेवू का काढू? खऱ्या कोर्टात असला वकील निभावतो का? आणि शेवटी प्रेक्षकांनाच ज्युरी करून निकाल विचारायचं मनात आहे, ते कसं वाटतं?

शेंगाचटणी | रविवार, रात्री ११:१५

वाक्य जमलंय, म्हणून हशा आला. फटाका तुम्हीच लावला, आता कानावर हात ठेवून काय उपयोग ओ?

पुणेरी_टाक | सोमवार, सकाळी ७:०२

ज्युरी? कोणत्या देशात? नानावटी खटल्यातल्या ज्युरीचा १९५९ चा निर्णय उच्च न्यायालयानं फिरवला, हे शाळकरी मुलांनाही ठाऊक असतं. पुढं १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्युरीला जागाच उरली नाही. खानापूरच्या खटल्यात ज्युरी बसवलीत तर परीक्षक पहिल्या पाच मिनिटांत पेन खाली ठेवतील. बाकी नाटक वाचलेलं नाही, त्यामुळे मत नाही.

शेंगाचटणी | सोमवार, सकाळी ७:३०

मत नाही म्हणून एवढं. असतं तर?

कोर्टकंपाउंड | सोमवार, दुपारी २:२०

मी तेवीस वर्षं वकिली करतोय, बहुतेक फौजदारी. जेवणाच्या सुट्टीत लिहितोय, तुकडे तुकडे होतील.

आधी तुमची चूक. आरोपीला पिंजऱ्यात गाठून सरकारी वकील असा उलटतपास घेऊ शकत नाही. आरोपी स्वतःहून साक्षीदार म्हणून उभा राहिला तरच. एरवी पुराव्यावर त्याचं म्हणणं कोर्ट विचारतं. ते वाक्य हवंच असेल तर बचावाच्या साक्षीदाराच्या तोंडावर मारा. बस्त्यांवला बहीण आहे का? तिला उभी करा. "तुमच्या भावानं किती दिवस घातला?" जास्तच झोंबतं.

दुसरं, असा प्रश्न आला की न्यायाधीशानं गप्प बसून चालत नाही. अपमान करायला किंवा छळायला विचारलेला प्रश्न कोर्टानं रोखलाच पाहिजे, असं कायदा म्हणतो. जुन्या पुरावा कायद्यात ते कलम १५२ होतं. १ जुलै २०२४ पासून नवा साक्ष्य अधिनियम आला, त्यात १५५. आणि साक्षीदाराच्या अब्रूवर निराधार प्रश्न टाकला असं कोर्टाला वाटलं, तर ते त्या वकिलाची तक्रार उच्च न्यायालयाकडं किंवा त्याच्यावर अधिकार असलेल्या संस्थेकडं धाडू शकतं. हे कलम वापरलेलं मी माझ्या डोळ्यांनी अजून बघितलेलं नाही. नाटकात वापरा, तेवढंच समाधान.

तिसरं तिकीट. तुमच्या नाटकाचा जीव तिथं आहे, जौहरमध्ये नाही. बार कौन्सिलच्या नियमांत सरळ लिहिलंय की सरकार पक्षाच्या वकिलानं निर्दोष माणसाला शिक्षा होईल असा खटला चालवायचा नाही आणि आरोपीचं निर्दोषत्व दाखवणारी गोष्ट दडपायची नाही. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं आणखी सांगितलं की पोलिसांनी गोळा केलेली पण खटल्यात न वापरलेली कागदं-वस्तू यांची यादीही आरोपीला द्यायची. म्हणजे तुमचा सरकारी वकील नुसता खडूस नाही, गैरवर्तणुकीत पुरता बसतोय. आणि फाईल न उघडणारा आमचा बचावाचा बंधू? तोही बसतोय. फरक एवढाच की त्याचा कुणाला राग येत नाही. बार रूममध्ये त्याला चहा पाजतात.

बाकी संध्याकाळी. पुकारा झाला.

निपाणकर | सोमवार, दुपारी ३:४५

लेखक महाशय, सीमाभागात १९५६ पासून मराठी माणूस पिंजऱ्यात उभा आहे. आमचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात पडून आहे. सातबाराचा उतारा कानडीत, नोटीस कानडीत, बसची पाटी कानडीत. त्यावर नाटक लिहायला हात कापतात का? कुठून शोधून काढता हे विषय? आणि वंशवाद अमेरिकेत असतो. आपल्याकडे तो कधीच नव्हता.

इतिहासवेडा | सोमवार, दुपारी ४:३०

भाषेच्या वादात पडत नाही, पण जौहरबद्दल बोलायलाच हवं.

सिद्दी जौहर जंजिऱ्याचा नव्हे. तो आदिलशाहीतला कर्नूलचा सरदार. १६६० चा पन्हाळ्याचा वेढा त्यानं घातला हे खरं. पण तो वेढा फोडायला नेतोजी पालकरांबरोबर जो चालून गेला, तो सिद्दी हिलालही सिद्दीच होता. आपल्या बाजूचा. त्याचा तरणा मुलगा वाहवाह त्या लढाईत जखमी होऊन शत्रूच्या हाती सापडला. तुमच्या सरकारी वकिलाला इतिहास अर्धाच पाठ आहे. बचावाच्या वकिलानं अभ्यास केला असता तर एका वाक्यात त्याला गप्प केलं असतं.

शिवाय हल्याळ, यल्लापूर, खानापूरकडच्या सिद्दींचा या सरदारांशी संबंध जोडायचं कारण नाही. यांचे बरेचसे पूर्वज पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून गुलाम म्हणून गोव्यात आणले आणि तिथून सुटून, पळून घाटावरच्या रानात आले. वेढा घालणारे नव्हेत, वेढ्यातून निसटलेले.

मलप्रभाकाठी | सोमवार, रात्री ९:१०

@इतिहासवेडा दंडवत. हिलाल मला माहीत नव्हता, हे कबूल करतो.

@कोर्टकंपाउंड बहीण नव्हती, आता आहे. ज्युरी गेली. टाकसाहेब, खूश?

@निपाणकर काका, माझ्या बापानं सीमालढ्यात लाठ्या खाल्ल्यात, ते राहू दे. तुम्ही म्हणता तीच गोष्ट नाटकात आहे की. पंचनामा कानडीत आहे आणि आरोपीला वाचता येत नाही. तुम्हाला पोटात दुखतं त्याच जागी त्यालाही दुखतंय. फक्त तो मराठा नाही.

कोर्टकंपाउंड | सोमवार, रात्री १०:०५

उरलेलं लिहितो.

ओळख परेड. ती म्हणजे मूळ पुरावा नव्हे, कोर्टात साक्षीदार ओळखतो त्याला फक्त दुजोरा. पण दुजोऱ्याला किंमत यायची तर रांगेतले बाकीचे आरोपीसारखे दिसणारे लागतात. सहा गोरेगोमटे-सावळे आणि एक सिद्दी, ही परेड नव्हे, दाखवणं झालं. तुमच्या बचावाच्या वकिलानं एवढा एक प्रश्न तहसीलदाराला विचारला तर खटला तिथंच लंगडा होतो. तो विचारत नाही. का विचारत नाही, हे लिहा. मला वाटतं त्याला त्यात वावगं काही दिसतच नाही. दुसऱ्या वंशाचे चेहरे माणूस आपल्या लोकांइतके नीट ओळखत नाही, हे मानसशास्त्रवाल्यांनी कधीचंच दाखवून दिलंय. आपण सोप्या भाषेत म्हणतो, "सगळे सारखेच दिसतात ओ." हे वाक्य मी बार रूममध्ये ऐकलंय, कोर्टात ऐकलंय, आणि सांगायला लाज वाटते, एकदा मीही म्हटलंय.

दुभाष्याचाही प्रसंग घाला. साक्ष आरोपीला कळत नसलेल्या भाषेत झाली तर त्याला कळेल अशा भाषेत ती समजावून सांगायची, असा नियम आहे. आमच्या भागातल्या एका कोर्टात मी बघितलं. एक सिद्दी आरोपी त्यांच्या कोकणीत दोन मिनिटं बोलत होता. कुठं होतो, कुणाबरोबर होतो, गाय कशी हरवली, सगळं. बेंच क्लार्कनं वर मान करून साहेबांना सांगितलं, "गोत्तिल्ल." माहीत नाही म्हणतोय. कागदावर तेच उतरलं.

एक गंमत सांगतो, गंमत म्हणजे आपली रडायची. सिद्दींना अनुसूचित जमातीत घेतलं २००३ मध्ये, ते उत्तर कन्नड जिल्ह्यापुरतं. बेळगाव आणि धारवाड जिल्ह्यातल्या सिद्दींसाठी संसदेत दुरुस्ती व्हायला २०२० उजाडलं. तोवर हल्याळची बहीण लग्न होऊन खानापूर तालुक्यात आली की तिच्या मुलांची जमात कागदावरून गायब. सीमेचं दुःख आपल्यालाच आहे असं नाही, निपाणकर.

जमातीत असल्यामुळं फुकट वकील मिळायचा हक्क त्याला उत्पन्न न बघता आहे, १९८७ च्या कायद्यानं. तो वकील फाईल उघडेल याची हमी कुठल्याच कायद्यात नाही. तक्रार करायची तर अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्ट १९६१, कलम ३५, राज्य बार कौन्सिलकडं. तीन जणांची शिस्तपालन समिती बसते. समज देणं, ठरावीक काळ सनद थांबवणं किंवा कायमची काढणं, यातलं काहीही होऊ शकतं. वर्षात निकाल लावायचा असं कायद्यात आहे. 'असं कायद्यात आहे' यावर माझी बायको नेहमी हसते.

हल्याळची | सोमवार, रात्री ११:३०

बस्त्यांव कोण करतोय?

शेंगाचटणी | मंगळवार, सकाळी ८:००

पॉपकॉर्न घेऊन बसलो.

निपाणकर | मंगळवार, सकाळी ९:२०

कोण करतोय याच्याशी काय? नट नट असतो. उद्या म्हणाल राजाचं काम राजानंच करायचं.

संपादक | मंगळवार, सकाळी १०:००

सीमाप्रश्नावरचे अकरा प्रतिसाद वेगळ्या धाग्यात हलवले आहेत. या धाग्याचा काश्मीर करू नये. धागाकर्त्यांनी प्रश्नाचं उत्तर दिलं तर बरं.

मलप्रभाकाठी | बुधवार, रात्री ९:५५

काल दिवसभर इथं आलो नाही. कामाचं निमित्त सांगणार होतो, पण नको.

@हल्याळची, बस्त्यांव करतोय आमच्यातला हिंडलग्याचा एक पोरगा. चांगला नट आहे. मेकअपवाल्याला विचारून काळा रंग आणि कुरळा टोप असं ठरलं होतं. टोपाचे पैसेही दिलेत. वाचनाला चाळीस लोक होते, आम्ही नऊजण कलाकार, तीन महिने रात्री दहापर्यंत तालमी चालल्यात. सगळ्यांत एकाच्याही मनात आलं नाही की एखाद्या सिद्दी पोराला विचारावं. लेखक मी, परेडचा प्रसंग लिहून "काय वेध घेतलाय" म्हणून स्वतःचीच पाठ थोपटलेला. मलाही सुचलं नाही.

हल्याळची | बुधवार, रात्री ११:४०

टोप परत घेतात का बघा.

मी हल्याळकडची, नोकरीला बेळगावात. घरी आमची कोकणी, शाळेत कानडी, बाजारात मराठी. बसमध्ये चढले की कंडक्टर माझ्याशी इंग्लिश बोलतो. मी मराठीत "एक बेळगाव" म्हणते, तरी तो इंग्लिशच बोलतो. आता बायकांना शून्य तिकीट झाल्यापासून आधार कार्ड दाखवावं लागतं. माझं कार्ड तो उजेडाला धरून बघतो. मागची बाई नुसती पुढं जाते. भांडत नाही मी, रोज कोण भांडणार. पण आपल्याकडे वंशवाद कधीच नव्हता म्हणणाऱ्या काकांनी माझ्याबरोबर एकदा हल्याळ ते बेळगाव यावं. खिडकी देते.

तुमच्या वाक्याबद्दल. काढू नका.

पण तुम्ही लिहिलंय की पिंजऱ्यात बस्त्यांव मान खाली घालतो. तो मान खाली घालणार नाही. माझे बाबा लाकूड डेपोत होते. तिथं रोज कुणीतरी असलं काहीतरी बोलायचं. बाबा हसायचे. सगळ्यांच्या आधी, मोठ्यानं. मी लहान असताना डबा घेऊन गेले होते तेव्हा बघितलं. एकजण काहीतरी बोलला आणि बाबांनी हसून त्याच्या पाठीवर थाप मारली. मग सगळे हसले. मग बाबांनी मला बघितलं. हसू तसंच तोंडावर राहिलं होतं, काढायचं राहून गेल्यासारखं.

घरी येताना ते काही बोलले नाहीत. मीपण नाही.

शेंगाचटणी | गुरुवार, सकाळी ७:४५

पॉपकॉर्नचा प्रतिसाद मागे घेतो. माफी.

कोर्टकंपाउंड | गुरुवार, दुपारी १:५०

मी पाचशे आरोपी तरी बघितले असतील. त्यातले किती असे हसले असतील, आणि मी ते बेफिकिरी म्हणून धरलं असेल. न्यायाधीशही तेच धरतात. "आरोपीच्या चेहऱ्यावर पश्चात्तापाचा लवलेश नाही." लिहा हे वाक्य सरकारी वकिलाच्या तोंडी. बस्त्यांव हसल्यावर लगेच.

मलप्रभाकाठी | पुढचा रविवार, रात्री ११:२०

आज परत वाचन केलं. लोक बरेचसे तेच, हेडमास्तरही तेच, जागाही पहिल्या रांगेतलीच.

प्रश्न आता बहिणीला आहे. "तुमच्या जौहरनं पन्हाळ्याला चार महिने वेढा घातला होता. तुमच्या भावानं गोदामाला किती दिवस घातला?" आणि लगेच, कुणाच्याही आधी, पिंजऱ्यात बस्त्यांव मोठ्यानं हसतो. बहीण त्याच्याकडं बघते. लोक हसायला लागले होते. दोन-तीन आवाज आले आणि मध्येच थांबले. मग सरकारी वकील पश्चात्तापाचं ते वाक्य म्हणतो. हेडमास्तरांनी रुमाल काढला होता, तो हातातच राहिला. वाचन संपल्यावर ते माझ्याशी न बोलता गेले. रागावले का काय, कळलं नाही.

हिलालचं वाक्य मात्र घातलं नाही, इतिहासवेडासाहेब, माफ करा. आमचा बचावाचा वकील ते म्हणूच शकत नाही, त्यानं काहीच वाचलेलं नसतं. ते प्रेक्षकांतल्या कुणाला तरी माहीत असावं आणि त्यानं खुर्चीत तळमळावं, एवढी इच्छा.

@हल्याळची, तुम्ही व्यक्तिगत निरोपातून सांगितलेल्या सिद्दी मुलाला भेटून आलो. दमामी (सिद्दींचा ढोल) वाजवतो, शाळेत नाटकं केलीत, माझ्यापेक्षा चांगला आवाज. हो म्हणाला. दोन अटी: तालीम चारला सुरू करायची कारण त्याची शेवटची गाडी चुकते, आणि शेवटी निर्दोष सुटल्यावर वकिलाच्या पाया पडायचं ते काढायचं. ते मी लिहिलं होतं, होय. काढलं. हिंडलग्याचा पोरगा आता सरकारी वकील करतोय, थोडा रुसलाय, पण गोडीत येईल. टोपाचे पैसे परत मिळाले नाहीत.

आणि जाताना त्या नव्या बस्त्यांवनं खिशातून आजचंच बसचं तिकीट काढून दिलं. म्हणाला, पंचनाम्यातल्या चौथ्या नंबरला हेच वापरा, खरंखुरं आहे.

पुणेरी_टाक | सोमवार, सकाळी ६:५५

अभिनंदन. परंतु एक तांत्रिक मुद्दा. मशीनमधून निघणारं तिकीट थर्मल कागदाचं असतं. ऊन, खिशातला घाम, प्लॅस्टिकची पिशवी लागली की काही महिन्यांत अक्षरं उडतात. तुमचा खटला उभा राहीपर्यंत वर्ष-दोन वर्षं सहज जाणार. म्हणजे दुसऱ्या अंकात मुद्देमालाचं पाकीट उघडलं की आतून कोरा कागद निघेल.

कोर्टकंपाउंड | सोमवार, सकाळी ८:१५

टाकसाहेब बरोबर बोलताहेत. आमच्याकडं होतं असं. पंचनाम्यात तिकिटाचा नंबर आणि वेळ उतरवून घेतली असेल तरच उपयोग.

मलप्रभाकाठी | सोमवार, सकाळी ८:४०

नाही ओ उतरवलेली. 'बसचं तिकीट एक' एवढंच आहे.

थांबा. दुसरा अंक परत लिहायला घेतो.